मडगार्ड ही चैन आहे काय?

सायकलीवर मराठीत पुष्कळ लिहिले जाते. रविवारच्या पुरवण्यांत, दिवाळी अंकांत, शाळांच्या स्मरणिकांत सायकलीची आठवण निघाली नाही असे वर्ष जात नाही. या लेखनाचा साचा वाचकाला आता पाठ झाला आहे. वडिलांची काळी सायकल, तिच्या दांडीवर बसून केलेला प्रवास, तासाच्या भाड्याने आणलेली सायकल, फुटलेले गुडघे, घंटीचा आवाज आणि शेवटी 'गेले ते दिवस' असा एक उसासा. या साच्यात एक गोष्ट मात्र हटकून नसते. ती म्हणजे सीट. ज्या सीटवर बसून वडील वर्षानुवर्षे कामावर जात-येत होते तिने त्यांच्या पाठीचे, मांड्यांचे आणि मनगटांचे काय केले, हे कोणी लिहीत नाही. त्याचे कारणही उघड आहे. लिहिणारा दांडीवर बसलेला मुलगा आहे आणि दांडीवरच्या मुलाला मागे बसून पायडल मारणारा बाप दिसत नाही.

आमचा आक्षेप असा की मराठीतले सायकलविषयक लेखन अजून त्या दांडीवरून खाली उतरलेले नाही. आणि ते उतरले नाही म्हणून सायकलीच्या बाजारात भाषेच्या आधाराने चाललेली एक लबाडी भाषेच्या अभ्यासकांच्याच लक्षात आलेली नाही. मराठीच्या प्राध्यापकांनी सीट आणि मडगार्ड यांच्या भानगडीत का पडावे, असे विचारणाऱ्या सन्मित्रांना उत्तर म्हणून पुढील मजकूर.

आम्ही दोघे मोशीच्या परिसरात पदवीच्या वर्गांना मराठी शिकवतो. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या वर्षाच्या वर्गातली एक विद्यार्थिनी अचानक येईनाशी झाली. ही मुलगी चिखलीकडून देहू-आळंदी रस्त्याने सायकलवर येते. सकाळी एका पॅकिंगच्या शेडमध्ये काम आणि दुपारी महाविद्यालय असा तिचा क्रम. दोन आठवड्यांनी ती भेटली तेव्हा आमच्यातील मॅडमनी तिला कारण विचारले. घरची अडचण, आजारपण, लग्नाची बोलणी अशा कारणांची आम्हांला सवय आहे. तिने सांगितले ते कारण आम्ही कधी ऐकले नव्हते. "मॅडम, पाठीवर चिखलाचा पट्टा उठतो. तसं वर्गात कसं बसायचं?"

तिच्या सायकलला मडगार्ड नव्हते. सायकल नवी होती, साडेसहा हजारांची होती, पुढच्या फोर्कला शॉकर होते, जाड खाचांचे टायर होते, नळीवर इंग्रजीत काहीतरी डोंगरी नाव रंगवलेले होते. मात्र मडगार्ड नव्हते, कॅरेज नव्हते, चेनकव्हर नव्हते, घंटी नव्हती, दिवा नव्हता आणि उभे करायला स्टँडसुद्धा नव्हता. पुस्तकांची पिशवी खांद्यावर, ओढणी कमरेला गाठ मारून आणि सलवारीचा पायचा रबरबँडने बांधून ती यायची. आम्ही तिला घेऊन दुकानात गेलो. दुकानदार सभ्य होता. तो म्हणाला, "मॅडम, हे सगळं ॲक्सेसरीमध्ये येतं. गाडीबरोबर येत नाही."

या एका वाक्यापाशी आम्ही थांबलो आणि वाचकांनीही थांबावे अशी विनंती आहे. 'ॲक्सेसरी' म्हणजे काय? मराठीत तिला आपण जोडसाहित्य म्हणू. मूळ वस्तू पूर्ण आहे, तिचे काम तिच्याविना चालते, हौस असेल तर जोडावे असे ते साहित्य. गळ्यातल्या माळेला ॲक्सेसरी म्हणता येईल. घराच्या छपराला म्हणता येणार नाही. आता आमच्या लहानपणीची ती काळी, बावीस इंची, दांड्यांच्या ब्रेकची सायकल आठवावी. तिला दोन्ही चाकांवर पत्र्याची मडगार्डे होती, मागे कॅरेज होते, चेनवर अर्धे वा पुरे कव्हर होते, चाक उचलून धरणारा भक्कम स्टँड होता. घंटी आणि डायनमो तेवढे वेगळे घ्यावे लागत. बाकीच्या वस्तूंना तेव्हा कोणी जोडसाहित्य म्हणत नसे. त्या सायकलच होत्या. म्हणजे मधल्या काळात सायकलीतून सायकलीचेच अवयव काढून घेण्यात आले, त्यांना नवे नाव देण्यात आले आणि ते नवे नाव लावून ते तिलाच पुन्हा विकण्यात येऊ लागले.

त्या दिवसाचे बिल आमच्याकडे आहे. मडगार्डची जोडी अडीचशे, कॅरेज साडेचारशे, स्टँड दोनशे, घंटी साठ, पुढचा आणि मागचा दिवा मिळून चारशे. एकूण एक हजार तीनशे साठ रुपये. चेनकव्हर त्या सायकलला बसतच नव्हते. सायकलीच्या किमतीच्या पंचमांशाहून अधिक रक्कम केवळ ती वापरण्याजोगी करण्यासाठी गेली. ज्या मुलीने साडेसहा हजार जमवताना आठ महिने घेतले तिला हा आकडा खरेदीच्या दिवशी कोणीही सांगितला नव्हता. तो सांगण्याची गरजही कोणाला वाटली नव्हती, कारण नावच असे दिलेले होते की त्या वस्तू न घेणारा माणूस स्वतःच्या मर्जीने घेत नाही असे वाटावे. अनिवार्य गोष्टीला ऐच्छिक म्हटले की तिच्या अभावाची जबाबदारी आपोआप गिऱ्हाइकावर जाते. ही गोष्ट शब्दाने घडते, पान्याने घडत नाही. म्हणून ती भाषेच्या अभ्यासकाच्या हद्दीत येते.

सायकलीच्या बाबतीत असे प्रथमच घडलेले नाही. 'दुचाकी' हा शब्द घ्या. दोन चाकांची म्हणून दुचाकी. तो सायकलीचाच साधा, सरळ मराठी शब्द. आज वर्तमानपत्रात 'दुचाकीस्वार' असे छापून आले की मोटारसायकल किंवा स्कूटर चालवणारा एवढाच अर्थ होतो. सायकलवाल्याला 'सायकलस्वार' असे वेगळे म्हणावे लागते. त्याच्या वाहनालाही दोनच चाके आहेत, पण ती जणू मोजण्यात येत नाहीत. इंजिन आले आणि सायकलचा शब्द घेऊन गेले. आता मडगार्ड आणि कॅरेजही गेले. शब्द गेला तेव्हा आपण काही बोललो नाही, म्हणून पत्रा गेला तेव्हाही बोललो नाही.

आरामाच्या प्रश्नाकडे वळू. मडगार्ड, स्टँड यांची गरज कोणीही मान्य करील. पण 'आरामशीर' सायकल मागणे म्हणजे लाड, असा एक समज आपल्या मध्यमवर्गीय मराठी मनात घट्ट बसलेला आहे. कष्टाची थोरवी गाणारी आपली परंपरा या समजाला आधार पुरवते. मोशी हे देहू आणि आळंदी यांच्या मधले, इंद्रायणीकाठचे गाव. पायी चालण्याचे मोल या भूमीला आम्ही काय सांगावे? परंतु वारकऱ्याचे चालणे त्याने स्वतः पत्करलेले असते, आणि तरीही वाटेवर त्याचे पाय चेपून देणे, त्याची तुटलेली चप्पल शिवून देणे ही सेवा समजली जाते. त्याच्या पायाला फोड यावा अशी इच्छा कोणी करीत नाही. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला निघालेल्या कामगाराने मात्र कष्ट स्वेच्छेने पत्करलेले नसतात. त्याच्या दुखऱ्या पाठीला 'साधी राहणी' म्हणणे हा त्या परंपरेचा अपमान आहे.

शिवाय इतिहास या समजाच्या विरुद्ध साक्ष देतो. सायकलीच्या एका आद्य रूपाला इंग्लंडात लोक 'हाडे खिळखिळी करणारी' याच अर्थाच्या नावाने ओळखत. लाकडी चाकांना लोखंडी धाव आणि रस्ता दगडी. १८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवा भरलेली रबरी नळी बसवली, ती मुलाला बसणारे हिसके कमी व्हावेत म्हणून. (हवेच्या चाकाचे पेटंट त्याच्या कितीतरी आधी, १८४५ मध्ये, रॉबर्ट विल्यम थॉमसन याने घेतले होते, पण तेव्हा ते मागे पडले.) पुढच्याच वर्षी डनलॉपच्या टायरांवरच्या सायकली शर्यती जिंकू लागल्या आणि आरामाची ही वस्तू वेगाचीही ठरली. आज जिला हवा भरल्याखेरीज सायकल ही सायकलच वाटत नाही ती ट्यूब मुळात आरामासाठीच आली आहे. तेव्हा कोणी 'हा लाड आहे' असे म्हणून ती जोडसाहित्याच्या कपाटात ठेवली असती तर सायकल शर्यतींच्या मैदानाबाहेर कधी पडलीच नसती.

तेव्हा सोय मागण्यात काही गैर नाही. प्रश्न असा की बाजार 'सोय' म्हणून जे विकतो ती सोय असते काय? त्या दुकानाच्या भिंतीवर मऊ जेलच्या सीटकव्हरांची रांग टांगलेली होती. मुलीला बसायला त्रास होतो असे कळताच दुकानदाराने साडेतीनशेचे कव्हर पुढे केले. दाराशी चाकाची आउट काढीत बसलेले मिस्त्रीकाका तेवढ्यात म्हणाले, "सर, कव्हर नका घेऊ. आधी सीट वर करू." त्यांनी मुलीला सायकलवर बसवले, भिंतीचा आधार दिला, पायडल अगदी खाली आणायला लावले आणि टाच त्यावर ठेवायला सांगितली. गुडघा पुष्कळ वाकलेला होता. त्यांनी पान्याने नट सैल करून सीट सुमारे दोन इंच वर घेतली. आता टाच ठेवल्यावर पाय सरळ होत होता आणि नेहमीप्रमाणे चवडा ठेवल्यावर गुडघ्यात थोडा वाक राहत होता. मग सीटचे खाली झुकलेले टोक त्यांनी समपातळीत आणले. या कामाचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. चार दिवसांनी मुलीने सांगितले, की गुडघे दुखायचे थांबले.

आम्ही नंतर या विषयाची जी काही माहिती मिळवली तिने मिस्त्रीकाकांना दुजोराच दिला. सीटवर माणसाचा भार बैठकीच्या दोन हाडांवर पडायला हवा. फार मऊ कव्हर असले की हाडे त्यात रुततात आणि मधला भाग वर येऊन नाजूक जागेवर दाब देतो. पाच मिनिटे सुख वाटते, अर्ध्या तासाने मुंग्या येतात. म्हणून सीट मऊ असण्यापेक्षा योग्य रुंदीची असणे महत्त्वाचे. स्त्रियांच्या बैठकीच्या हाडांतले अंतर सर्वसाधारणपणे अधिक असते. अरुंद सीट त्यांना अधिक छळते. स्वस्तातले शॉकर सायकलचे वजन वाढवतात आणि पायडलवर दिलेला जोर काही अंशी खाऊन टाकतात. जाड खाचांचे टायर चिखलासाठी चांगले, पण डांबरी रस्त्यावर घरघर करीत जास्त मेहनत घेतात. तेच टायर गुळगुळीत, थोडे रुंद आणि बेताच्या हवेचे असतील तर खड्ड्यांचा निम्मा हिसका तिथेच जिरतो. चढ असेल तर मागचे फ्रीव्हील अधिक दातांचे घ्यावे, पाय हलका होतो. जुन्या सायकलींच्या पोलादी रिमांवर पावसात ब्रेक नीट लागत नाहीत, ॲल्युमिनियमच्या रिमांवर पुष्कळ बरे लागतात. काळी सायकल सर्वगुणसंपन्न होती असा आमचा दावा नाही, हे यावरून लक्षात यावे.

ज्या विद्यार्थ्याला सायकल सोयीची करायची आहे त्याच्यासाठी यातून एक क्रमही निघतो. आधी बिनपैशाची कामे करावीत: सीटची उंची, सीटची पातळी, हँडलची उंची, हवेचा दाब, चेनला तेल. मग मडगार्ड, कॅरेज आणि दिवे, म्हणजे जे मुळातच असायला हवे होते ते. मग झिजलेले टायर बदलताना गुळगुळीत घ्यावेत. त्यानंतर गरज वाटली तर योग्य रुंदीची सीट. जेलचे कव्हर सर्वांत शेवटी, आणि बहुधा तोवर त्याची गरज उरत नाही. बाजाराचा क्रम नेमका उलटा आहे, कारण सीट वर करण्याचे वेष्टन करता येत नाही आणि वेष्टनाशिवाय वस्तू भिंतीवर टांगता येत नाही.

आता परिसराविषयी. मोशी १९९७ साली महापालिकेत आली. एका बाजूला भोसरी, दुसऱ्या बाजूला चाकण. मोटारी, मोटारसायकली, मालट्रक आणि त्यांचे असंख्य सुटे भाग या पट्ट्यात तयार होतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जणांचे वडील दिवसभर यंत्रावर कोणत्या ना कोणत्या वाहनाचे बुश, शाफ्ट, ब्रॅकेट काढीत असतात. पण त्यांच्या स्वतःच्या सायकलीचा पायडल तुटला तर नवा बहुधा लुधियानाहून आलेला असतो. भारतातल्या सायकलींचा आणि त्यांच्या भागांचा मोठा उद्योग तिथेच आहे. तिथून वस्तू येण्यात गैर काही नाही. परंतु जो पट्टा मोटारीच्या दारातला बारीकसा आवाज घालवण्यासाठी अभियंते नेमतो, त्या पट्ट्यात सायकलवाल्याच्या पाठीवरचा चिखल हा कोणाचाच प्रश्न नसतो, याची नोंद कोठेतरी झाली पाहिजे.

राज्यकर्त्यांचीही भाषा तीच राहिली. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा सायकलीवर आणि तिच्या बहुतेक सुट्या भागांवर १२ टक्के कर लागला. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेवर चालणाऱ्या मोटारीवरचा कर ५ टक्के करण्यात आला, पर्यावरणाच्या कारणासाठी. ज्या वाहनाला वीजही लागत नाही त्याच्यावर मात्र १२ टक्केच राहिले. सायकल आणि तिचे भाग ५ टक्क्यांवर यायला २२ सप्टेंबर २०२५ उजाडावे लागले. सहा वर्षांहून अधिक काळ लाखांच्या मोटारीला सवलत होती आणि मडगार्डला नव्हती. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती आणि स्कूटर-मोटारसायकल २१ टक्के कुटुंबांकडे. म्हणजे हा प्रश्न मूठभर हौशी लोकांचा म्हणून बाजूला सारता येत नाही.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. रस्तेच धड नाहीत, कंटेनरच्या चाकाखाली जीव जातो आहे आणि तुम्ही सीटची चर्चा करता? आक्षेप प्रामाणिक आहे. सुरक्षित रस्त्याची मागणी पहिली, याबद्दल आमचे दुमत नाही. पण रस्ता होईपर्यंत सायकलवाला घरी बसत नाही. तो आजही निघालेला आहे, अंधारात, मागच्या दिव्याशिवाय. कारण दिवा ही ॲक्सेसरी आहे. शिवाय त्रासाला कंटाळून एकेक जण सायकल सोडत गेला तर उद्या रस्ता मागायला उरणार कोण? मग 'सायकलवालेच नाहीत, तर मार्ग कशाला' असे म्हणायला सगळे मोकळे.

दुसरा आक्षेप आमच्याच व्यवसायातून येईल. साहित्यातली सायकल ही प्रतिमा आहे, तिला मडगार्ड आहे की नाही हे पाहणे म्हणजे अरसिकपणा. याचे उत्तर वर्गात आम्ही एका चित्रपटाच्या आधारे देतो. व्हित्तोरिओ दे सिका यांच्या 'बायसिकल थीव्ज' (१९४८) मध्ये नायकाला काम मिळते ते सायकल असेल तरच. ती गहाण पडलेली असते आणि ती सोडवण्यासाठी त्याची बायको घरातल्या चादरी गहाण टाकते. सायकलीची किंमत तिथे चादरींत मोजलेली आहे आणि म्हणूनच ती चोरीला गेल्यावर प्रेक्षकाचे काळीज हलते. प्रतिमेला बळ मिळाले ते वस्तूचा हिशेब चोख ठेवल्यामुळे. आमच्या ललितलेखनातली सायकल हलकी वाटते, कारण तिचा हिशेबच कोणी मांडलेला नाही. तिची किंमत काय होती, ती किती हप्त्यांत फेडली, तिच्यावर बसून कोणाचे काय दुखले, पावसात कोणाची पाठ भिजली, यांपैकी एकही गोष्ट तिच्यात नाही. पुण्यात कर्वेनगरला जुन्या सायकलींचे सुरेख संग्रहालय आहे. संग्रहालयाने जपावे हे योग्यच. पण साहित्याने संग्रहालयाचे काम करू नये. त्याच्यापुढे चालती सायकल आहे.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि साध्या आहेत. दुकानाच्या पाटीवर सायकलीची किंमत लिहिताना मडगार्ड, कॅरेज, स्टँड, घंटी आणि दिवे यांसह लिहावी. ज्याला नको असेल त्याने ते काढून घ्यावे. प्रत्येक महाविद्यालयाच्या सायकल स्टँडवर एक पंप आणि एक पाना साखळीने बांधून ठेवावा. एवढा खर्च कोणत्याही संस्थेला झेपतो. आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी पुढच्या वेळी 'माझी सायकल' लिहायला घेतली तर दांडीवरून उतरून लिहावे. तिच्या भागांची नावे दुकानात जाऊन विचारावीत. मिस्त्रीकाकांना ती सगळी ठाऊक आहेत आणि त्यांतले कोणते भाग सायकलीचे व कोणते हौसेचे हेही त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळते.

आमची विद्यार्थिनी आता वर्गात येते. पाठीवर पट्टा नसतो, पिशवी कॅरेजवर असते. ओढणी मात्र अजून कमरेला बांधूनच असते, कारण त्या सायकलला बसेल असे चेनकव्हर आम्हांला मोशीत कोठेही मिळालेले नाही.